कूटचलन : घरच्यांना पटवण्यापूर्वी

घरात क्रिप्टोकरन्सीचा, म्हणजेच कूटचलनाचा, विषय निघाला की वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, 'या पैशामागे उभे कोण आहे?' हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन छापलेले असते. बिटकॉइनमागे असे वचन कोणाचेही नाही. आप्तेष्टांना हा विषय समजावून सांगू इच्छिणाऱ्याने प्रारंभीच हे मान्य करावे.

बिटकॉइन म्हणजे काय?

सातोशी नाकामोटो या टोपणनावाने वावरणाऱ्या अज्ञात व्यक्तीने वा गटाने ऑक्टोबर २००८मध्ये ही संकल्पना मांडली आणि जानेवारी २००९मध्ये ती प्रत्यक्षात आली. प्रत्येक व्यवहाराची नोंद 'ब्लॉकचेन' या सामायिक खतावणीत होते. तिच्या प्रती जगभरातील हजारो संगणकांवर असल्याने जुनी नोंद परस्पर बदलणे जवळजवळ अशक्य ठरते. बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांपुढे जाणार नाही, अशी त्याची रचना आहे. मात्र पुरवठा मर्यादित असला, तरी भावाची हमी मिळत नाही.

नेहमीचे आक्षेप

'हे बेकायदा आहे.' रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये बँकांना अशा व्यवहारांसाठी सेवा देण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द ठरवले. १ एप्रिल २०२२पासून नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. खरेदी-विक्रीवर बंदी नाही, परंतु भारतात हे वैध चलनही नाही.

'हा जुगार आहे.' नोव्हेंबर २०२१मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर गेलेला बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या आसपास घसरला. पुढे त्याने तो उच्चांक ओलांडला. पण मुलीच्या शिक्षणासाठी नेमक्या पडत्या काळात पैसे काढावे लागलेल्यास त्याचा काय उपयोग? नजीकच्या काळात लागणारी रक्कम येथे गुंतवू नये.

'लोक फसतात.' हेही खरे. दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या 'गेनबिटकॉइन' योजनेप्रकरणी पुणे पोलिसांनी २०१८मध्ये सूत्रधारांना अटक केली. तेथे दोष तंत्रज्ञानाचा नव्हता, जुन्याच साखळी योजनेला नवे नाव दिले होते. जुलै २०२४मध्ये 'वझीरएक्स' या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे कूटचलन चोरीस गेले. बँक ठेवींप्रमाणे येथे विम्याचे संरक्षण नाही.

काय सांगावे?

निश्चित परताव्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर तेथून उठावे, हे प्रथम सांगावे. एक्स्चेंजची फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी आहे का, ते पाहावे. पूर्ण बुडाली तरी संसार अडणार नाही, एवढीच रक्कम घालावी आणि कर्ज काढून तर मुळीच नाही. आई-वडिलांच्या निवृत्तीच्या पुंजीसाठी आग्रह धरणे अयोग्यच.

घरच्यांनी नकार दिला, तरी एक माहिती त्यांना द्यायलाच हवी. कूटचलन स्वतःच्या 'वॉलेट'मध्ये ठेवले असेल, तर त्याची गुप्त किल्ली हाच मालकीचा आधार असतो. ती हरवली अथवा धारकासोबतच गेली, तर कोणतीही बँक वा न्यायालय ती परत मिळवून देऊ शकत नाही. ती कोठे ठेवली आहे, हे घरातील एका तरी विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावे.