उतरायची जागा

डोंगरमाथ्यावर न्यायच्या आधी आमच्या शिक्षकांनी आम्हाला सबंध सकाळ खाली, भाताच्या खाचरांतून हिंडवलं होतं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. कामशेतजवळ आम्ही पाच जण हँग ग्लायडिंग शिकायला गेलो होतो. पंखाला हात लावायची घाई प्रत्येकालाच. पण सर म्हणाले, "या बांधापासून त्या आंब्यापर्यंत चालत जा आणि वाटेत आडवं काय काय येतं ते मोजून या." मी मोजलं. चार बांध, एक बाभूळ, कठडा नसलेली विहीर, म्हशीचा खुंटा, दगडांचा ढीग, असं करत करत अकरा. सर म्हणाले, "बारा. वर कोणीच बघितलं नाही. तुमच्या डोक्यावरून विजेची तार गेलीय."

तेव्हा मला हा सगळा वेळकाढूपणा वाटला होता. उडायला आलोय, तर उडवा की! पुढे अपघात झाला, हात गळ्यात बांधून घरी बसावं लागलं आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत मी या उडण्याचा इतिहास वाचायला घेतला. मग लक्षात आलं की ज्या माणसांची नावं आपण पहिले उड्डाणवीर म्हणून घेतो, त्यांनी उडायची जागा शोधण्याआधी पडायची जागा शोधली होती.

सुरुवात अर्थातच ओटो लिलिएंथालपासून. हा जर्मन इंजिनिअर 1848 साली जन्मला. लहानपणी भावाबरोबर तो करकोचे न्याहाळत बसायचा. पक्ष्यांच्या उडण्यावरचं त्याचं पुस्तक 1889 मध्ये आलं आणि 1891 पासून तो स्वतः उडू लागला. वेत आणि कापड यांचे पंख, त्यांच्या मधोमध हातांच्या आधाराने लोंबकळणारा माणूस. पाय इकडे-तिकडे झोकून वजन सरकवायचं आणि तोल सांभाळायचा. सुकाणू म्हणाल तर तेच.

अशा यंत्राला वारा समोरून हवा. निघतानाही आणि उतरतानाही. आता डोंगराचा उतार असतो एका दिशेला. वारा मात्र आज इकडून, उद्या तिकडून. यावर लिलिएंथालने काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्याने 1894 साली बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डला, वीटभट्टीच्या मातीची स्वतःची टेकडीच उभारली. उंची साधारण पंधरा मीटर, आकार उपडी ठेवलेल्या परातीसारखा गोल. माथ्यावर पंख ठेवायची खोली. वारा कुठूनही येवो, त्याला तोंड देऊन धावत सुटायचं आणि चहूबाजूंनी मोकळ्या असलेल्या सपाटीवर पाय टेकायचे. ती टेकडी आजही बर्लिनमध्ये स्मारक म्हणून जपलेली आहे. लोक तिला उड्डाणाची टेकडी म्हणतात. मला विचाराल तर ती उतरण्याची टेकडी आहे.

या टेकडीवरून आणि रिनोच्या उंच टेकड्यांवरून त्याने दोन हजारांच्या वर उड्डाणं केली. एवढी सावधगिरी बाळगणारा माणूस, तरीही 9 ऑगस्ट 1896 रोजी रिनोजवळच्या गोलेनबर्गवर वाऱ्याच्या झोताने त्याचा पंख नाक वर करून हवेत थबकला आणि तो सुमारे पंधरा मीटरवरून कोसळला. मान मोडली. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये तो गेला. जागा त्याच्या ओळखीची होती, मोकळीही होती. पण जमीन कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंत धड पोचावं लागतं. पुढे 1899 मध्ये इंग्लंडमध्ये पर्सी पिल्चरचंही तसंच झालं. एका हवेलीच्या मोकळ्या आवारात, पाहुण्यांच्या देखत, शेपटीचा दांडा मोडून तो खाली आला आणि दोन दिवसांनी वारला.

ज्या उन्हाळ्यात लिलिएंथाल गेला, त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत ऑक्टेव्ह शनूट नावाचे चौसष्ट वर्षांचे एक गृहस्थ मिशिगन सरोवराच्या काठी तंबू ठोकून बसले होते. रेल्वेचे पूल बांधण्यात हयात गेलेला हा माणूस. त्यांनी इंडियाना राज्यातल्या वाळूच्या टेकड्या निवडल्या. सरोवरावरून येणारा वारा आणि पायाखाली मऊ वाळू. स्वतः न उडता तरुण साथीदारांना उडवायचं होतं, तेव्हा कोणाचं हाड मोडू नये ही चिंता त्यांना अधिक असणार. पूल बांधणाऱ्याला भार कुठे टेकतो हे आधी बघायची सवय असते.

या शनूटना मे 1900 मध्ये डेटन गावातल्या एका सायकलवाल्याचं पत्र आलं. विल्बर राइटचं. सराव कुठे करावा, असा त्यात एक प्रश्न होता. शनूटनी अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या बघायला सुचवलं. मग विल्बरने हवामान खात्याकडची वाऱ्याची आकडेवारी तपासली, किटी हॉकच्या वेधशाळेला पत्र घातलं. ते पत्र गावातल्या विल्यम टेट यांच्याकडे गेलं आणि त्यांनी ऑगस्टमध्ये उत्तर पाठवलं. मैलभर रुंद आणि पाच मैल लांब वाळूचा पट्टा, मध्ये ऐंशी फुटी उघडी टेकडी, झाड नाही, झुडूप नाही. अशा गावाला आपण काय म्हणू? ओसाड. राइट बंधूंना तेच हवं होतं.

पण एवढ्या लांब, डास आणि वादळं सोसत तिथे जायचं का? याचं उत्तर विल्बरने पुढच्या वर्षी शिकागोच्या एका भाषणात दिलं. लिलिएंथालने पाच वर्षांत दोन हजार उड्डाणं केली खरी, पण त्या सगळ्यांत मिळून तो प्रत्यक्ष हवेत होता जेमतेम पाच तास. सायकल पाच वर्षांत पाच तास चालवून कोणाला येईल? सराव वाढवायचा तर पुन्हा पुन्हा उतरावं लागणार, म्हणजे पुन्हा पुन्हा पडावंही लागणार. ते परवडलं पाहिजे. वाळूमुळे ते परवडलं.

23 सप्टेंबर 1902 रोजी ऑर्व्हिल राइटच्या यंत्राने लिलिएंथालच्या यंत्रासारखंच नाक वर केलं आणि पंचवीस-तीस फुटांवरून ते खाली आदळलं. काड्या, कापड आणि तारा यांच्या ढिगात ऑर्व्हिल बसलेला. अंगावर ओरखडा नाही! उंची कमी होती हेही खरं. पण थोड्याच दिवसांत यंत्र दुरुस्त झालं आणि त्या एका मोसमात दोघा भावांनी सातशे ते हजार वेळा तरंगून घेतलं. पुढच्या वर्षी त्याच वाळूवर इंजिनाचं विमान उडालं, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

इंजिन आल्यावर बिनइंजिनाचं उडणं मागे पडलं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमानांची बंधनं आली, तेव्हा तिथल्या तरुणांनी 1920 पासून वासरकुपे नावाच्या डोंगरावर ते पुन्हा सुरू केलं. 1929 मध्ये रॉबर्ट क्रोनफेल्ड ग्लायडरमधून शंभर किलोमीटरच्या वर गेला. इथे एक मोठा बदल झाला, पण त्याचा गाजावाजा झाला नाही. निघालो तिथेच उतरायचं हे संपलं. उतरायची जागा आता कोणाच्या तरी शेतात होती आणि ती वरून, त्याच घटकेला, निवडायची होती.

हँग ग्लायडिंग मात्र तिथे उशिरा पोचलं. त्याचा आजचा पंख आला फ्रान्सिस रोगॅलो या अमेरिकी इंजिनिअरकडून. त्यांनी आणि पत्नी गर्ट्रूड यांनी 1948 मध्ये घरातल्या पडद्याच्या कापडाचा लवचीक पतंग बनवला. नासाने हा पंख जेमिनी यानाला लावायचं ठरवलं होतं. यान समुद्रात पडण्याऐवजी चालकाने कोरड्या तळ्याच्या सपाटीवर उतरवावं, असा बेत होता. 1964 मध्ये तो बारगळला. अंतराळवीर समुद्रातच उतरत राहिले. पण पंखाची छायाचित्रं जगभर गेली होती. ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावी जॉन डिकन्सन यांनी 1963 मध्ये तसा पंख बनवला, त्याखाली त्रिकोणी दांडी आणि माणूस टांगायचा पट्टा लावला आणि क्लॅरेन्स नदीवर मोटरबोटीच्या मागे तो उडवला. खाली पाणी म्हणजे पडलं तरी चालेल, हा हिशेब. आज मात्र पाण्यात उतरू नका म्हणून आम्हाला निक्षून सांगतात. ओला पंख वरून झाकतो आणि पट्ट्यात अडकलेला माणूस खाली राहतो.

1971 मध्ये लिलिएंथालच्या वाढदिवशी, 23 मे रोजी, कॅलिफोर्नियात हौशी लोक एका टेकाडावर जमले. बांबू आणि प्लास्टिकचे पंख, उड्डाणं जमिनीलगतची. तेव्हाचा पंख एक मीटर खाली येईपर्यंत चार-पाच मीटर पुढे जायचा. म्हणजे डोंगरावरून सुटलात की पायथ्याच्या मैदानातच. निवड करायला वावच नव्हता. मग पंख सुधारत गेले. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यात शंभर मैलांची मजल पार झाली. 2012 मध्ये डस्टिन मार्टिनने टेक्सासमध्ये 764 किलोमीटर कापले. लिलिएंथालने आणि राइट बंधूंनी जी जागा महिनोन् महिने पत्रं लिहून, माती टाकून तयार केली, ती आता उडणाऱ्याने चार मिनिटांत ठरवायची.

चार मिनिटं मी उगाच म्हणत नाही. तीनशे मीटर उंची हातात असेल तर शांत हवेत साधारण तेवढाच वेळ मिळतो. तेवढ्यात शे-दीडशे मीटर मोकळी, सपाट जमीन बघायची. उतार असेल तर तो चढणीच्या बाजूने घ्यायचा. वारा कुठून आहे ते धुरावरून ओळखायचं. मावळात उन्हाळ्यात राब भाजतात, तो धूर फार कामाचा. धूर नसेल तर वाळत घातलेली लुगडी, तळ्यावरच्या लाटा. झाडांच्या आडोशाला हवा घुसळलेली असते, तिथे जायचं नाही. आणि तार दिसत नाही. वरून तार कधीच दिसत नाही. दिसतात ते खांब. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरून चालायचं.

हे सगळं मला पाठ होतं. नोव्हेंबर महिना होता. काही खाचरांत कापणी झालेली, काहींत भात उभं. डोंगराच्या अंगाने हवा वर उचलत होती ती थांबली. पंख खाली चालला होता आणि मी, आता मिळेल वर नेणारी हवा, मग मिळेल, असं करत घिरट्या घेत राहिलो. ठरवायची ती चार मिनिटं मी आशेवर घालवली. शेवटी एक मोठं रिकामं वावर हेरलं, तिकडे वळलो आणि त्याच्या दोन टोकांना खांब दिसले. पुन्हा वळायला उंची उरली नव्हती. मी उभ्या भातावर आलो. दांडी पिकात अडकली, पंखाचं नाक जमिनीत रुतलं. आदळताना दांडी सोडून द्यायची असते. मी ती घट्ट धरून ठेवली आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. हँग ग्लायडिंगवाल्यांचं हे अगदी ठरलेलं हाड, असं डॉक्टरांना मीच सांगितलं.

हात सुटल्यावर मी त्या शेतकऱ्याकडे भाताचे पैसे द्यायला गेलो. ते म्हणाले, "दोन पायल्या गेलं असंल, त्याचं काय घ्यायचं!" मी फारच आग्रह केला तेव्हा घेतले. चहा झाला. मग मला बांधावर नेऊन त्यांनी ते खांब दाखवले आणि म्हणाले, "दादा, तुम्ही तिकडं वळला तवा आमची पोरं हिथनं वरडत होती, तार हाय, तार हाय म्हणून. वर ऐकू येत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, नाही येत.