६४० केबीच्या खोलीत

एका खोलीत दहा माणसं राहायची, तर कोणी कुठं निजायचं हे ठरवायला घरातल्या थोरल्यांना डोकं चालवावं लागतं. सुरुवातीच्या संगणकांवर काम करणाऱ्यांना हेच करावं लागलं.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यातला इंटेलचा ८०८८ प्रोसेसर फक्त १०२४ केबी, म्हणजे एक एमबी मेमरी ओळखू शके. त्यातली वरची ३८४ केबी पडदा आणि यंत्राच्या अंगभूत सूचनांसाठी राखली गेली. खालची ६४० केबी डॉस आणि आपले प्रोग्राम यांच्या वाट्याला आली. हीच बेस मेमरी. तेव्हा हा कंजूषपणा नव्हता. सर्वांत स्वस्त मॉडेल अवघ्या १६ केबीचं होतं! ६४० केबी कुणालाही पुरेल, असं बिल गेट्स म्हणाल्याचं सांगतात. पण ते त्यांनी स्वतः नाकारलं आहे.

डॉस एका वेळी एकच प्रोग्राम चालवी. त्यातून लोकांनी पळवाट काढली. काही प्रोग्राम काम संपल्यावरही मेमरीतून उठत नसत. कोपऱ्यात बसून कळ दाबली जाण्याची वाट पाहत. १९८४ मध्ये आलेलं बोरलँडचं साइडकिक असंच होतं. पत्र लिहिताना दोन कळा दाबल्या, की टिपणवही किंवा कॅल्क्युलेटर पडद्यावर हजर. पाठोपाठ माऊसचा, नेटवर्कचा, व्हायरस शोधणारा, असे प्रोग्राम येऊन बसले. प्रत्येकाला थोडीच जागा लागे. पण थोडं थोडं करत खोली भरली. त्यांना उठवायचं तर शेवटी आलेला आधी उठवावा लागे. मधलाच काढला, तर संगणक जागीच थिजण्याची भीती.

त्याच काळात मेमरी स्वस्त होत होती. १९८५ चा ८०३८६ प्रोसेसर एक एमबीच्या कितीतरी पुढं पाहू शकत होता. मी बी.ए. होऊन नोकरीला लागलो, तेव्हा आमच्या कार्यालयातल्या संगणकात ४ एमबी मेमरी होती. तरीही हिशेबाचा प्रोग्राम ‘मेमरी अपुरी’ म्हणून अडून बसे. पैसे मोजून घेतलेली जागा डोळ्यांसमोर, आणि पाय ठेवायची सोय नाही. कारण एकच. आधीचे असंख्य प्रोग्राम ६४० केबीचा नियम धरून लिहिलेले होते. ते चालत राहावेत म्हणून डॉसनं तो नियम जपला. जुन्यांना दिलेला शब्द नव्यांना जाचत होता.

सुटका भिंत पाडून झाली नाही. सामान हलवून झाली. वरच्या ३८४ केबीत न वापरलेल्या फटी होत्या. क्वार्टरडेक कंपनीच्या क्यूईएमएमसारख्या प्रोग्रामांनी माऊसचा वगैरे पसारा त्या फटींत चढवला. जून १९९१ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ५ नं ही सोय सर्वांना दिली. डॉसनं स्वतःचाही मोठा भाग एक एमबीच्या लगेच वरच्या ६४ केबीत हलवला. यासाठी ‘कॉन्फिग डॉट सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ या दोन फायलींतल्या ओळी बदलाव्या लागत. मोठा प्रोग्राम आधी चढवायचा की छोटा, यावर सारं अवलंबून असे. क्रम चुकला, की फट असून उपयोग नाही. मला ते वृत्तात ओळ बसवण्यासारखं वाटे. शब्द तेच, जागा बदलली, की ओळ बसते. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये मेममेकर आलं आणि संगणक ही जुळवाजुळव स्वतः करू लागला. पुढं १९९५ मध्ये विंडोज ९५ आल्यावर बहुतेकांची या खटाटोपातून सुटका झाली.

आज खिशातल्या फोनमध्ये त्या ६४० केबीच्या हजारो पट मेमरी असते. पडद्याआड बसणारे प्रोग्रामही त्याच मानानं वाढले आहेत. तेव्हा ‘मेम’ हा एक शब्द टाइप केला, की किती केबी भरली आणि किती उरली हे पडद्यावर उमटे. जागा कमी होती, म्हणून घरात कोण राहतंय याची आपण चौकशी करत होतो. जागा वाढली आणि ती चौकशी सुटली. ती सवय मात्र जपायला हवी होती.