बादली : एका नावाचा नदीपार प्रवास

पेडणे तालुक्यातील चोपडे हे गाव शापोरा नदीच्या उत्तर काठावर वसले आहे. समोरच्या काठावर बार्देशातील शिवोली. पूल होण्यापूर्वी दोन्ही काठांवरील माणसे पाण्यावरूनच ये-जा करीत. इतिहासाने मात्र या पात्रात दीर्घकाळ सीमा आखून ठेवली होती. बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. सावंतवाडीकर भोसल्यांकडील पेडणे त्यांच्याकडे गेले ते १७८८ मध्ये. म्हणजे १९६१ च्या मुक्तीपर्यंत एका काठावर ४१८ वर्षे परकी अंमल राहिला, तर दुसऱ्यावर १७३ वर्षे. तरीही विहिरीवर, इकडे जिला ‘बांय’ म्हणतात तिच्यावर, दोन्ही काठांच्या हातांत एकाच नावाचे भांडे दिसते. ते भांडे म्हणजे बालदी, अर्थात बादली.

हा शब्द पोर्तुगीज ‘बाल्द’ यावरून आला. त्याचा संबंध ‘बादल’ म्हणजे मेघाशी जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पाणी दोहोंतही असतेच. प्लॅट्स यांच्यासारख्या कोशकारानेही हिंदीतील ‘बालटी’चे मूळ संस्कृत ‘वारि’मध्ये शोधले होते. परंतु यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने ते पोर्तुगीज असल्याचे नोंदविले. अशा शब्दांचा सर्वांत विस्तृत धांडोळा घेतला तो शिवोलीशेजारच्या आसगावात १८५५ मध्ये जन्मलेल्या मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दालगाद यांनी. आशियातील सुमारे पन्नास भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांवरील त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघाले.

पाणी भरण्यासाठी आपल्याकडे भांड्यांची वाण नव्हती. घागर, कळशी, हंडा, पोहरा ही नावे घरोघरी होतीच. मग परक्या नावाची गरज का पडावी? उत्तर भांड्याच्या घडणीत आहे. घागर गोल बुडाची व अरुंद गळ्याची. ती कमरेवर वा डोक्यावर घ्यावयाची. बादली सपाट बुडाची, रुंद तोंडाची आणि वर अर्धवर्तुळाकार कडीची. ती हातात धरावयाची. वस्तू निराळी, म्हणून नावही निराळे राहिले. पुढे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादल्या आल्या, त्यानंतर प्लास्टिकच्या. नाव मात्र टिकले.

मराठीने या नावावर आपला संस्कारही केला. प्रथम त्यास स्त्रीलिंगी ईकार जोडून ‘बालदी’ केले. पुढे ल आणि द यांची अदलाबदल होऊन ‘बादली’ झाली. ‘नुकसान’चे बोलीत ‘नुसकान’ होते, तोच हा वर्णविपर्यय. सिंहलीत ‘बाल्दिय’, मलायीत ‘बाल्दी’, बंगालीत ‘बालति’ अशी तिची भावंडे आहेत; ‘बादली’ हे रूप मात्र मराठीने घडविलेले.

येथे एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. शब्द सत्तेच्या बळावरच पसरतात, असा सर्वसाधारण समज असतो. तसे असते तर पुण्याच्या वाड्यांत बादली पोहोचलीच नसती. पुण्यावर पोर्तुगीजांचा अंमल एक दिवसही नव्हता. वसई १५३४ ते १७३९ त्यांच्याकडे होती, चौल-रेवदंड्यास त्यांचे ठाणे होते. पण तेथून घाटावर शब्द नेले ते व्यापारी, खलाशी, कारागीर आणि गृहिणी यांनी. चावी, घमेले, फीत, पगार, पाव, बटाटा हीदेखील त्याच वाटेची मंडळी.

सत्ता लादली गेली होती. शब्द मात्र लोकांनी आपल्या गरजेने निवडला, वळविला आणि आपलासा केला. म्हणूनच १९६१ मध्ये परकी राजवट गेली, तरी बादलीला परकी ठरविण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. भाषेची शुद्धता जपताना तिची ही पचनशक्तीही ध्यानी घ्यावयास हवी. ग्रंथालयाच्या कपाटातील कोश शब्दाचे कूळ सांगतो. त्याचे घर कोणते, हे मात्र तो वापरणारे ठरवितात. त्या न्यायाने बादलीचे घर मराठीच होय.