तळटीप १४ : सेंपासुचिल

१४. सेंपासुचिल : मेक्सिकोतले झेंडूचे नाव. शब्द तिथल्या स्पॅनिशमध्ये रुळला असला, तरी मूळचा नाहुआत्ल, म्हणजे अझ्टेकांच्या भाषेतला. शब्दशः अर्थ ‘वीस फुले’. एकाच गेंदात दाटलेल्या पाकळ्यांवरून ‘वीस’ येथे ‘पुष्कळ’ या अर्थी. प्रस्तुत प्रसंग १ व २ नोव्हेंबरच्या ‘दिया दे लोस मुएर्तोस’ या मृतस्मरणाच्या सणाचा आहे. स्पॅनिश लोकांनी नेलेले कॅथलिक स्मरणदिन आणि मूळ रहिवाशांचे पूर्वजपूजन यांच्या मिलाफातून तो आजच्या रूपाला आला. युनेस्कोने २००८ मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. मजकुरातील ‘ओफ्रेंदा’ म्हणजे घरात दिवंगतांसाठी केलेली मांडणी : छायाचित्रे, मेणबत्त्या, पाणी, गोड पाव आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ. झेंडूच्या रंगावासाने आत्म्यांना घरची वाट सापडते, या श्रद्धेने दारापासून तिथवर पाकळ्यांची पायवाट घालतात.

लेखिकेला येथे सातारा-सांगलीकडचा दसरा आठवतो, तो याच फुलामुळे. खंडेनवमीला अवजारांवर वाहिला जाणारा आणि दसऱ्याला दारावर व वाहनांवर चढणारा झेंडू मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतला. युरोपीय दर्यावर्दींनी तिथली वाट शोधल्यानंतर तो जगभर गेला. कृष्णाकाठचे तोरण आणि मेक्सिकोतली पायवाट यांचे फूल एकच. पितृपंधरवड्यात पितरांच्या आवडीचे पान वाढण्याची आपली रीत ध्यानात घेतली, की लेखिकेचे गहिवरणे अधिक उमगेल. — संपा.