पणजी की मुरगाव?

माझ्या पुतण्याची बदली गोव्यात झाली. त्याचे ऑफिस पणजीत, आणि सूनबाईला नोकरी मिळाली ती नेमकी वास्कोत. बिऱ्हाड कुठे करायचे यावर आमच्या बेळगावच्या घरात लागोपाठ चार रविवार खल चालला होता. भाडे, मुलीची शाळा, उन्हाळ्यातले पाणी, जुवारीच्या पुलावरची सकाळची गर्दी, बंदरावरून उडणारी कोळशाची धूळ, सगळे विषय निघाले. शेवटी पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही इतिहासवाले. तुम्हीच सांगा, पणजी की मुरगाव?"

मी म्हणालो, "बाबा रे, हा प्रश्न तुझ्याआधी पोर्तुगालच्या राजाला पडला होता. पाव शतक घोळ घातला, तरी त्याला तो सुटला नाही."

सगळे हसले. पण मी थट्टा करत नव्हतो.

आपल्याकडच्या सहलीच्या बसगाड्या जिथे तासभर थांबतात, चर्च पाहून, नारळपाणी पिऊन माणसे पुन्हा गाडीत बसतात, ते जुने गोवे एके काळी पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखाची राजधानी होते. १५१० साली आल्बुकर्कने ते आदिलशाहीकडून जिंकून घेतले आणि १५३० पासून कोचीऐवजी तिथून कारभार सुरू झाला. मांडवीच्या काठी, तिसवाडी बेटाच्या ईशान्येच्या अंगाला वसलेले हे शहर शंभर वर्षे भरभराटीत राहिले. पण त्याच्या पोटात एक रोग होता. जमीन सच्छिद्र, वस्ती दाट, मोऱ्यांची घाण झिरपून विहिरीत उतरायची. १५४३ साली पटकीने माणसे पटापट मेली, आणि सतराव्या शतकात तापाच्या साथी एकामागून एक येत राहिल्या. ताप डासांमुळे येतो हे रोनाल्ड रॉसने १८९७ साली दाखवून दिले. तोवर लोकांना एवढेच कळत होते की या शहराची हवा वाईट आहे. ज्यांना जमत होते ते मांडवीच्या काठाने पश्चिमेकडे, समुद्राच्या वाऱ्याकडे सरकू लागले होते.

म्हणजे शहर हलवण्याचे खरे कारण जुने होते आणि सगळ्यांना माहीत होते. तरी दीडशे वर्षे राजधानी हलवण्याचा ठराव कोणी केला नाही. तो झाला संभाजी महाराजांमुळे.

१६८३ च्या पावसाळ्यानंतर विजरईने (व्हाइसरॉयला आपल्या जुन्या कागदांत विजरई म्हणतात) मराठ्यांच्या फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. कोंद द आल्व्होर हे त्याचे नाव. स्वतः संभाजी महाराज मदतीला धावून आले आणि विजरईला वेढा उठवून परतावे लागले. नोव्हेंबर संपत आला असताना एका रात्री ओहोटीची वेळ साधून मराठ्यांची तुकडी खाडी ओलांडून जुवे बेटावर उतरली आणि तिथला किल्ला तिने घेतला. नकाशा काढून पाहा. जुवे आणि जुने गोवे यांच्यामध्ये फक्त खाडीचे पाणी आहे. दुसऱ्या दिवशी बेट परत घ्यायला गेलेला विजरई स्वतः जखमी होऊन मागे फिरला. राजधानीत पळापळ झाली. विजरईने सेंट झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हवाली केला. यापुढे गोव्याचे रक्षण तूच कर, असा त्याचा अर्थ. पुढे मोगल शहाजादा शाह आलम मोठी फौज घेऊन घाट उतरू लागला, तेव्हा संभाजी महाराजांना मोहीम आवरावी लागली. गोव्यातल्या श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाने श्रेय अर्थातच 'गोंयच्या सायबा'ला दिले. पां. स. पिसुर्लेकरांचे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' वाचताना हा सगळा भाग दोन्ही बाजूंच्या कागदांतून उलगडतो. आपल्या सीमाभागातल्या वाचकाने ते पुस्तक घरी ठेवावे असे मला वाटते.

संकट टळले, पण धसका गेला नाही. संताच्या हाती कारभार सोपवणाऱ्या त्याच विजरईने पुढच्याच वर्षी राजधानी मुरगावला नेण्याचा बेत पुढे आणला.

मुरगावच का? जुवारीच्या मुखाशी दक्षिणेकडून समुद्रात घुसलेले ते एक टेकाड आहे. तीन बाजूंना पाणी. १६२४ पासून तिथे किल्ल्याचे काम सुरू झालेले होते. आणि सगळ्यांत मोठा गुण म्हणजे बंदर. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आणि खवळलेला समुद्र यांमुळे गलबते आत येऊ शकत नसत. मुरगावच्या आडोशाला ती पावसाळ्यातही नांगर टाकू शकत. वेढा पडला तरी समुद्राकडची वाट उघडी. तलवार आणि तारू एवढ्या दोनच गोष्टी पाहणाऱ्या माणसाने हीच जागा निवडली असती. आल्व्होरला चूक म्हणणे सोपे आहे. पण ओहोटीच्या पाण्यातून आलेला शत्रू ज्याने उंबरठ्यावर पाहिला, त्याच्या जागी आपण काय केले असते?

काम सुरू झाले. आल्व्होर १६८६ साली मायदेशी परतला आणि मग सुरू झाली ती आपल्या ओळखीची सरकारी कहाणी. लिस्बनहून हुकूम यायचे की काम नेटाने चालवा. जुन्या शहरातल्या सरकारी इमारती पाडा आणि त्यांचे दगड मुरगावला वापरा, असेही हुकूम आले. जहाजाने हुकूम यायला सहा-आठ महिने, उत्तर जायला तेवढेच. तेवढ्यात विजरई बदललेला असे. खजिन्यात पैसा नव्हता. आणि ज्यांनी जायचे होते त्यांचे वाडे, मठ, चर्च, पूर्वजांची थडगी, सगळे जुन्या गोव्यात. त्यांना मुरगाव म्हणजे वाऱ्यावरचे माळरान वाटत होते. त्यांनी हुकूम डोक्याला लावले आणि पाय जागचे हलवले नाहीत. १७०३ साली काएतानु द मेलु इ काश्त्रु हा विजरई काही महिने मुरगावला राहायला गेला खरा, पण तोही परतला. अठराव्या शतकाच्या आरंभीच बेत गुंडाळला गेला.

मला या गोष्टीत नेहमी एक गंमत दिसते. संभाजी महाराजांच्या गोवे मोहिमेच्या खुणा आपण फोंड्यात शोधतो, जुव्यात शोधतो. मुरगावची न झालेली राजधानी हीसुद्धा त्या मोहिमेचीच खूण आहे. त्यांनी गोवे घेतले नाही, पण राजधानी उचलून पळण्याची पाळी शत्रूवर आणली. आपल्या मोहिमेच्या वर्णनांत या गोष्टीला जागा मिळत नाही.

आणि मुरगाव खरेच सुरक्षित होते का? मला शंका आहे. ते साष्टीच्या भूमीला जोडलेले आहे, तिसवाडीसारखे चहूबाजूंनी पाण्यात नाही. १७३९ च्या जानेवारीत, चिमाजी अप्पा वसईच्या मोहिमेत गुंतलेले असताना, इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे, म्हणजे पहिल्या बाजीरावांचे मेहुणे, साष्टीत उतरले आणि त्यांनी मडगाव घेतले. राजधानी तेव्हा मुरगावला असती, तर मराठ्यांची छावणी पुन्हा तिच्या दाराशीच पडली असती.

इकडे पणजीसाठी कोणी ठरावही केला नव्हता. तिथे आदिलशाही काळातला नदीकाठचा वाडा, कोळी, माडबागा आणि दलदल होती. पणजीपासून रायबंदरापर्यंत बांध मात्र होता. १६३३-३४ मध्ये कोंद द लिन्यारिश या विजरईच्या कारकिर्दीत तो बांधला गेला, आणि तीन किलोमीटरच्या त्या रस्त्यावरून आजही बस जाते. माझ्या मते पणजीचे भाग्य तिथेच ठरले. मुरगावला जायचे तर घर सोडून जुवारीपलीकडे जावे लागे. पणजीला नदीच्या काठाकाठाने हळूहळू सरकता येत होते. सकाळी कामाला जुन्या गोव्यात, रात्री झोपायला वाऱ्याच्या जागी.

विजरईही तसेच सरकले. १६९५ साली ते शहराबाहेरच्या पणेलीला राहू लागले. म्हणजे मुरगावचे बांधकाम कागदोपत्री चालू असतानाच मुख्य माणूस उलट्या दिशेला बिऱ्हाड हलवत होता! ताप पणेलीतही पोचला. तेव्हा १७५९ साली कोंद द एगा या विजरईने तो आदिलशाही वाडा दुरुस्त करून घेतला आणि पणजी गाठली.

तरीही हट्ट संपला नव्हता. १७७४ साली लिस्बनमधला कर्ताधर्ता प्रधान पोंबाल याने जुने गोवे नव्याने उभारण्याचा हुकूम काढला. भूकंपाने पडलेले लिस्बन ज्याने उभे केले त्याला हे अशक्य का वाटावे? पण तिकडे जमीन हलली होती, इथे पाणी सडले होते. कामावरचे मजूर तापाने मेले. एके काळच्या त्या महानगरात तेव्हा जेमतेम दीड-दोन हजार माणसे उरली होती. १७७७ साली राजा वारला, पोंबालची सत्ता गेली आणि कामही बसले.

पणजीत मात्र माणसे येत राहिली. विजरईच्या वाड्याशेजारीच म्हामाय कामतांचे घर आहे. अनेक देशांच्या व्यापाऱ्यांची अडत सांभाळणारे हे सारस्वत घराणे. त्यांच्या दप्तरात पोर्तुगीज, फ्रेंच, मराठी अशा अनेक भाषांतले कागद आहेत. एका घरात तीन-चार भाषा नांदणे ही आपल्या सीमाभागाचीच मिरास नाही, हे तिथे गेल्यावर कळते. १८१८ साली पणजीत महालक्ष्मीच्या देवळाला परवानगी मिळाली. ज्या जुन्या काबिजादीत हिंदूंना उघडपणे देऊळ बांधता येत नव्हते, तिथली ही परवानगी. व्यापारी माणूस जागा निवडताना धक्का आणि गोदाम पाहतोच, पण घरातली बाई विचारते, देवळात जायचे कुठे? या प्रश्नाला पणजीने उत्तर दिले. जकातकचेरी, बाकीच्या कचेऱ्या एकेक करून त्याच सुमारास आल्या. १८२७ नंतर मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु या गव्हर्नराने दलदल बुजवून सरळ रस्ते आखले. १८४३ साली राजाज्ञा निघाली आणि पणजी 'नोव्हा गोवा' नावाने शहर आणि राजधानी झाली. हुकूम सगळ्यांत शेवटी आला.

मुरगावचे दिवस आले, पण निराळ्या वाटेने. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. बंदर आणि लोहमार्ग बांधायचे ठरले. १८८० च्या दशकात कुळे, दूधसागर, कॅसलरॉकवरून ही गाडी लोंढ्याकडे आली आणि आपल्या रेल्वेला मिळाली. आल्व्होरला ज्या गुणासाठी मुरगाव हवे होते, तो पावसाळ्यातही चालणाऱ्या बंदराचा गुण दोनशे वर्षांनी कामाला आला. बंदराच्या पाठीशी वास्को वसले. तिथल्या कामावर खानापूर, बेळगाव, धारवाडकडची किती माणसे गेली, हे आपल्या भागातल्या घराघरांत ठाऊक आहे. आमच्या लहानपणी लोंढ्याला गाडी बदलणे म्हणजे गोव्याला जाणे.

पणजीचे राजधानीपण तरी पुरते टिकले का? आदिलशाही वाड्यात भरणारी विधानसभा २००० साली मांडवीपलीकडे पर्वरीला गेली. सरकणे चालूच आहे.

हे सगळे मी घरात सांगितले तेव्हा पुतण्याने शांतपणे ऐकून घेतले आणि सूनबाईने विचारले, "म्हणजे काका, पणजीच ना?" मी म्हटले, "तुमच्या दोघांपैकी रात्री उशिरा कोण घरी येतं, ते बघा आणि त्याच्या जवळ घर घ्या." उशिरा ती येते. बिऱ्हाड वास्कोत झाले.

दिवाळीनंतर त्यांच्याकडे गेलो तेव्हा संध्याकाळी मुरगावच्या टेकाडावर गेलो होतो. समोर जुवारीचे रुंद मुख आणि पलीकडे काबोचे टोक. १९१८ पासून गोव्याच्या गव्हर्नरांचे निवासस्थान तिथे आहे, पुढे त्यालाच राजभवन म्हणू लागले. नात म्हणाली, "आजोबा, तिकडे दिवे लागले." खाली बंदरात एक बोट भोंगा वाजवत वळत होती, आणि पुतण्याची पणजीहून येणारी बस अजून पुलावर अडकली होती.