दारावरचा दाखला: हेब्बाळचे मॉल, मुंबईची लोकल आणि लसपुराव्याचा वाद

२ डिसेंबर २०२१ रोजी ओमायक्रॉन या नव्या करोना प्रकाराचे भारतातील पहिले दोन रुग्ण जाहीर झाले. दोन्ही नोंदी बंगळूरच्या होत्या. एक परदेशातून आलेला प्रवासी होता आणि तोवर तो देश सोडून गेलाही होता. दुसरी व्यक्ती शहरातलीच होती आणि तिने परदेशप्रवास केलेला नव्हता. याचा अर्थ विषाणू विमानतळ ओलांडून शहरात पोहोचला होता. दुसऱ्याच दिवशी कर्नाटक सरकारने नवे नियम जाहीर केले. मॉल, चित्रपटगृहे आणि नाट्यगृहे येथे यापुढे लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाच प्रवेश मिळणार होता. शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनाही दोन मात्रांची अट घालण्यात आली.

विमानतळाकडून शहरात येणारा बळ्ळारी रस्ता ज्या हेब्बाळच्या उड्डाणपुलापाशी बाह्यवळण रस्त्याला मिळतो, तेथील मॉलच्या दारावर तापमापक यंत्राच्या जोडीला आता मोबाइलच्या पडद्यावरील कोविन प्रमाणपत्र आले. त्याच रस्त्याने थोडे उत्तरेला गेले की कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारात नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस ही संस्था लागते. विषाणूच्या जनुकक्रमावर देशभर लक्ष ठेवणाऱ्या ‘इन्साकॉग’ या प्रयोगशाळांच्या जाळ्यात तिचा सहभाग होता. विषाणू कसा बदलतो आहे हे वाचणारी प्रयोगशाळा आणि त्या विषाणूला दारावर अडवू पाहणारा नियम यांच्यात अंतर जेमतेम काही किलोमीटरचे होते.

मात्र या दोन रुग्णांविषयीची एक नोंद नियमाच्या गडबडीत मागे पडली. दोघांनीही लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या होत्या. ज्या घटनेमुळे नियम आला, त्या घटनेतील दोन्ही व्यक्ती त्या नियमानुसार मॉलमध्ये प्रवेशास पात्र ठरल्या असत्या.

दोन रुग्णांवरून लशीचा गुणदोष ठरत नाही, हे खरे. पण लसपुराव्याच्या साऱ्या वादाचे मूळ या विसंगतीत दिसते. दारावर मागितलेला दाखला नेमके काय सिद्ध करतो? हा माणूस गंभीर आजारी पडण्याची शक्यता कमी आहे, की हा माणूस दुसऱ्याला आजार देण्याची शक्यता कमी आहे? हे दोन वेगळे दावे आहेत. पहिला दावा खरा असताना दुसरा खोटा असू शकतो, आणि दारावर अडवण्याचे मुख्य समर्थन दुसऱ्या दाव्यावर उभे असते.

हा प्रश्न बंगळूरला पूर्वीही भेटला होता. ऑगस्ट १८९८ मध्ये शहरात प्लेग आला. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहतींची वाढ, नव्या रुग्णालयाची उभारणी अशा कितीतरी गोष्टींवर त्या साथीचा ठसा आहे. तोवर मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस तयार झाली होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला आणि त्याच्या आधारे घरझडती, विलगीकरण, रेल्वेप्रवाशांची तपासणी सुरू झाली. पुण्यातील त्या अंमलबजावणीतून उसळलेला संताप आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर केलेला हल्ला मराठी वाचकांना परिचित आहे. या अनुभवानंतर मुंबई इलाख्यात सरकारने टोचणीची सरसकट सक्ती टाळली आणि सवलतीचा मार्ग धरला. टोचून घेतल्याचा दाखला असणाऱ्यास विलगीकरणातून आणि प्रवासातील अटकावातून सूट मिळू लागली.

ही सवलत वरवर पाहता तर्कशुद्ध होती. हाफकिनची लस आजाराची आणि मृत्यूची शक्यता कमी करत होती. परंतु प्लेग पसरतो कसा, हेच तेव्हा ठरलेले नव्हते. १८९८ मध्येच कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने उंदरावरील पिसवा हा रोग वाहून नेतात, असे प्रयोगाने दाखवले आणि ते सर्वमान्य होण्यास पुढे काही वर्षे गेली. पिसवांना दाखला वाचता येत नव्हता. टोचून घेतलेल्या प्रवाशाच्या गाठोड्यातूनही त्या पुढच्या गावी जाऊ शकत होत्या. दाखला प्रवाशाच्या स्वतःच्या सुरक्षिततेविषयी बोलत होता. सरकार मात्र तो इतरांच्या सुरक्षिततेचा पुरावा म्हणून वाचत होते.

सव्वाशे वर्षांनी दाखला कागदावरून मोबाइलवर आला आणि जगभर गेला. इस्रायलने फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘ग्रीन पास’ आणला. ऑगस्टमध्ये फ्रान्सने उपाहारगृहांपर्यंत आरोग्यपासची अट नेली. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून दुसरी मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्या सामान्य प्रवाशांना मुंबईच्या लोकलचे दार उघडले.

लोकलचा नियम मॉलच्या नियमाहून वेगळा आणि अधिक गंभीर होता. मॉलमध्ये न गेल्याने कोणाची चूल विझत नाही. लोकल बंद असली की विझते. त्यात एक साधे गणित होते. १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण १ मे २०२१ रोजी खुले झाले. १३ मे रोजी कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. ८४ दिवसांचे अंतर आणि वर १४ दिवस, म्हणजे एकूण ९८ दिवस. हे अंतर पाळणारा तरुण अगदी पहिल्या दिवशी लस घेऊनही ७ ऑगस्टपूर्वी पात्र ठरत नव्हता. आणि मे महिन्यात तर लशीच मिळत नव्हत्या. ज्याला जूनअखेर पहिली मात्रा मिळाली, त्याच्यावर नियम न पाळल्याचा ठपका ठेवता येत नव्हता, तरी स्थानकाचे दार त्याला बंद होते. राज्याने दिलेल्या वेळापत्रकाचीच शिक्षा नागरिकाला होत होती.

नियमाच्या बाजूचे युक्तिवादही दुबळे नव्हते. २०२१ च्या उन्हाळ्यात प्राणवायूअभावी तडफडणारे रुग्ण देशाने पाहिले होते. लस न घेतलेल्यांना गंभीर आजाराचा धोका कितीतरी अधिक होता, त्यामुळे त्यांना गर्दीच्या बंदिस्त जागांपासून दूर ठेवणे हे त्यांच्या आणि रुग्णालयांच्याही हिताचे, असे म्हणता येत होते. शिवाय दुसरी मात्रा टाळणाऱ्यांना दारावरची अट लसकेंद्राकडे वळवील, ही अपेक्षा होती. हे दोन्ही हेतू प्रामाणिक होते. अडचण एवढीच की नियम मांडताना ‘इतरांना संसर्ग होऊ नये’ हे कारण पुढे केले गेले, आणि त्या कारणाचा पाया विषाणूबरोबर सरकत होता.

त्यामागचे विज्ञान असे. लस घेतल्यावर रक्तात प्रतिपिंडांची पातळी वाढते. ते विषाणूला पेशीत शिरण्याआधीच अडवतात, म्हणून संसर्गापासून बचाव मुख्यतः त्यांच्यावर अवलंबून असतो. ही पातळी काही महिन्यांत उतरते, आणि विषाणूच्या काटेरी प्रथिनात बदल झाले की उरलेले प्रतिपिंडही त्याला नीट ओळखत नाहीत. स्मृती राखणाऱ्या टी पेशी मात्र प्रथिनाचे अनेक तुकडे ओळखतात आणि दीर्घकाळ टिकतात. त्या संसर्ग रोखत नसल्या, तरी आजार गंभीर होऊ देत नाहीत. म्हणून एकाच लशीचे दोन गुण वेगवेगळ्या वेगाने ओसरतात.

त्याचा दारावरील परिणाम एका कल्पित उदाहरणाने पाहता येतो. समजा, लस न घेतलेल्या १०० जणांपैकी १० जणांना संसर्ग आहे. संसर्गापासून लशीचे संरक्षण ६० टक्के असेल, तर लस घेतलेल्या १०० जणांत हा आकडा ४ असेल, आणि दाखला तपासण्यात अर्थ असेल. संरक्षण १० टक्क्यांवर आले की तो ९ होईल. तपासणी तीच, रांगही तीच, पण दाराच्या आतली हवा जवळपास तशीच. डेल्टाच्या काळातच, जुलै २०२१ मध्ये, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या बार्नस्टेबल परगण्यातील ४६९ रुग्णांपैकी ७४ टक्के पूर्ण लसवंत आढळले होते. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य सुरक्षा संस्थेच्या प्राथमिक विश्लेषणात, दोन मात्रांनंतर काही महिन्यांनी अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीचे ओमायक्रॉनच्या लक्षणयुक्त आजारापासूनचे संरक्षण जवळपास उरत नसल्याचे दिसले. भारतात बहुसंख्यांना मिळालेली कोव्हिशील्ड हीच लस होती. गंभीर आजारापासूनचे संरक्षण मात्र पुढेही बऱ्याच प्रमाणात टिकले.

न्यायालयांत या वादाने क्रमाक्रमाने आकार घेतला. मेघालय उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये व्यावसायिकांवरील लससक्ती अमान्य केली, पण दुकाने आणि वाहनांवर तेथील कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची स्थिती दर्शवणारी पाटी लावण्यास सांगितले. माहिती द्या, निर्णय ग्राहकावर सोडा, असा तो मार्ग होता. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की संमतीविना लसीकरण अभिप्रेत नाही आणि कोणत्याही कामासाठी प्रमाणपत्र अनिवार्य करणारी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने काढलेली नाहीत. फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लोकलसंबंधीच्या आदेशांच्या कायदेशीर प्रक्रियेवरच बोट ठेवले. १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रातील निर्बंध उठले.

२ मे २०२२ रोजी बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांनी निकाल दिला. अनुच्छेद २१ नुसार व्यक्तीला स्वतःच्या शरीरावर अधिकार आहे आणि कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. त्याच वेळी सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही मर्यादा घालू शकते, आणि लसीकरणाचे धोरण अवाजवी नाही, हेही स्पष्ट केले. त्या मर्यादा प्रमाणशीर आहेत का, एवढीच कसोटी होती. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग पसरण्याचा धोका लसवंतांइतकाच असल्याचे सुचवणारी माहिती याचिकाकर्त्याने ठेवली होती, आणि तिचे खंडन करणारी आकडेवारी केंद्राने वा राज्यांनी मांडली नाही, अशी नोंद न्यायालयाने केली. रुग्णसंख्या कमी असेपर्यंत निर्बंध घालू नयेत, घातले असल्यास मागे घ्यावेत, अशी सूचना आली.

या निकालाला लसविरोधाचा विजय समजणे चूक ठरेल. लशींनी असंख्य जीव वाचवले आणि निकालाने त्यांच्या उपयुक्ततेवर प्रश्नचिन्ह लावले नाही. न्यायालयाने विचारले ते एवढेच: दाखला ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून मागता, त्या गोष्टीची आकडेवारी कुठे आहे? प्रयोगशाळेत हा प्रश्न रोज विचारला जातो. शासनाच्या आदेशात तो क्वचित उमटतो. डिसेंबर २०२१ मध्ये हेब्बाळच्या मॉलच्या दारावर लागू झालेल्या नियमात विषाणू बदलल्यास तो कधी तपासला जाईल, याची अट घातलेली नव्हती. निकालात ती होती. आपले म्हणणे त्या वेळच्या परिस्थितीपुरते आहे आणि नवी माहिती आल्यास सरकार नव्याने विचार करू शकते, असे न्यायालयाने स्वतःच लिहून ठेवले आहे.