स्विचच्या पेटीतील इतिहास : वटारच्या एका छोट्या कार्यालयासाठी

१/ #थ्रेड
इतिहास म्हटला की डोळ्यांसमोर गड, ताम्रपट आणि बखरी उभ्या राहतात. परंतु कार्यालयाच्या भिंतीवर बसवलेल्या, हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या लोखंडी पेटीलाही इतिहास असतो. तिचे नाव मॅनेज्ड नेटवर्क स्विच. ती बसवताना जी जी सेटिंग करावी लागते, तिच्यामागे बहुधा कधीतरी, कुठेतरी कोसळलेली एखादी व्यवस्था असते. आजचा धागा त्याविषयी.

२/ उदाहरण वटारचे घेऊ. वसई तालुक्याच्या पश्चिम पट्टीतील हे गाव. या पट्टीत सहकाराची परंपरा जुनी आहे. बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेची स्थापना १९१८ सालची. अशा गावात एक लहान पतसंस्था आहे असे समजा. सहा संगणक, एक प्रिंटर, दोन सीसीटीव्ही कॅमेरे आणि सभासदांसाठी वायफाय. संस्था कल्पित आहे. तिच्यापुढचे प्रश्न मात्र खरे आहेत.

३/ प्रथम १८८२ साली जाऊ. त्या वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी वटारपासून जवळच असलेल्या सोपाऱ्यात उत्खनन केले. तेथेच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आला. त्याच वर्षी २८ जानेवारीला कोलकात्यात टेलिफोन एक्सचेंज सुरू झाले आणि पाठोपाठ मुंबईतही. संदेश पोहोचवण्याच्या दोन निराळ्या रीती एकाच वर्षी या किनाऱ्यावर शेजारी आल्या.

४/ अशोकाचा लेख सर्वांसाठी होता. जो येईल त्याने वाचावा, वाचता येत नसेल त्याने ऐकावा. टेलिफोन एक्सचेंजचे काम याच्या उलट: अमुक एका माणसाची तार तमुक एकाच माणसाच्या तारेला जोडायची, तिसऱ्याला ऐकू जाता कामा नये. हे जोडण्याचे काम ऑपरेटर हाताने करीत. स्विच या यंत्राचा मूळपुरुष हाच जोडफलक.

५/ मात्र ज्याच्या हाती जोडणी, त्याच्या हाती सत्ता. अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा आल्मन स्ट्राउजर हा अंत्यविधीचे साहित्य व सेवा पुरवणारा व्यावसायिक होता. प्रतिस्पर्ध्याची पत्नी ऑपरेटर असून आपल्याला येणारे फोन ती तिकडे वळवते, असा त्याचा संशय होता, असे सांगतात. १८९१ साली त्याला स्वयंचलित एक्सचेंजचे पेटंट मिळाले. जोडणी आता ग्राहकाच्याच हाती आली. भारतातील पहिले स्वयंचलित एक्सचेंज १९१३-१४ मध्ये सिमल्यात उभे राहिले.

६/ संगणकांचा काळ आला तेव्हा गाडी पुन्हा शिलालेखाकडे वळली. २२ मे १९७३ रोजी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले आणि इथरनेटचा जन्म झाला. एकच जाड केबल, तिला सर्व संगणक जोडलेले. एक बोलला की सर्वांना ऐकू जाई. ज्याच्यासाठी संदेश असे त्याने घ्यायचा, इतरांनी सोडून द्यायचा. पुढे आलेली ‘हब’ नावाची पेटीही याच रीतीने चाले.

७/ दोघे एकदम बोलले की संदेश आदळत. दोघांनी थांबायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. संगणक वाढले तसे थांबणेच वाढले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील एका कंपनीने सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला. तिचे सहसंस्थापक विनोद भारद्वाज आणि नाव ‘कल्पना’. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या स्विचच्या वंशावळीत हे आपल्या ओळखीचे नाव आहे.

८/ स्विच काय करतो? प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक मॅक पत्ता असतो. कोणत्या पोर्टवरून कोणता पत्ता बोलला, याची नोंद स्विच आपल्या तक्त्यात ठेवतो आणि पुढचा संदेश फक्त त्याच पोर्टला देतो. साधा, अनमॅनेज्ड स्विच एवढेच करतो. त्याला काही सांगता येत नाही आणि विचारताही येत नाही. मॅनेज्ड स्विचला दोन्ही करता येते. किंमत जास्त असते ती यासाठी.

९/ आता वटारच्या संस्थेत येऊ. पहिले काम कागदावर: कोणत्या टेबलापासून कोणती केबल, कोणत्या पोर्टला. दोन दोन तारांना पीळ देण्याची युक्ती ग्रॅहम बेल यांच्या १८८१ च्या पेटंटमधील आहे. त्या पिळामुळे शेजारच्या तारेचा गोंगाट कमी होतो. आजच्या केबलमध्ये अशा चार जोड्या असतात आणि एका टप्प्याची मर्यादा १०० मीटर असते. विजेच्या वायरींना चिकटवून ही केबल नेऊ नये.

१०/ स्विचची जागा हवेशीर, ओलीपासून दूर असावी; समुद्रकाठची खारी हवा धातूला सोडत नाही. अर्थिंग तपासून घ्यावे आणि यूपीएस लावावा. कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज द्यायची असेल, तर स्विच ‘पीओई’ प्रकारचा हवा. २००३ च्या पहिल्या मानकानुसार एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते. सर्व पोर्ट मिळून किती वॅट, तो आकडा खरेदीपूर्वीच पाहावा.

११/ दुसरे काम: स्विच नेटवर्कला जोडण्यापूर्वी फक्त एका लॅपटॉपला जोडावा आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती साधी होती: कारखान्यातून येणाऱ्या पासवर्डांची छोटी यादी वापरून पाहायची. मालकांनी ते कधी बदललेच नव्हते. पासवर्डपाठोपाठ उत्पादकाचे नवे फर्मवेअर घालावे.

१२/ तिसरे: टेलनेट बंद करून एसएसएच सुरू करावे. टेलनेटवर पासवर्ड उघड्या पत्रासारखा प्रवास करतो. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असे पासवर्ड टिपून घेतले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी एसएसएच तयार केले. स्विचचे पान ब्राउझरमधून उघडत असाल, तर तेथेही एचटीटीपीएस हाच पर्याय ठेवावा.

१३/ चौथे काम सर्वांत महत्त्वाचे: व्ही-लॅन. एकाच स्विचच्या आत भिंती घालून त्याचे अनेक स्विच करायचे. १९८० च्या दशकात बेलकोर या संशोधनसंस्थेत डेव्हिड सिंकोस्की यांनी ही कल्पना विकसित केली. १९९८ मध्ये ‘८०२.१क्यू’ या नावाने तिचे मानक झाले. प्रत्येक संदेशावर एक क्रमांक चिकटवला जातो. १ ते ४०९४ यांपैकी कोणताही क्रमांक वापरता येतो.

१४/ आपल्या पतसंस्थेला चार पुरेत. १० : कामकाजाचे संगणक व प्रिंटर. २० : कॅमेरे. ३० : सभासदांचे वायफाय. ९९ : खुद्द स्विचचे व्यवस्थापन. संगणकाचा पोर्ट ‘ॲक्सेस’ प्रकारचा, म्हणजे एकाच व्ही-लॅनचा. राउटरकडे जाणारा आणि वायफायच्या ॲक्सेस पॉइंटकडे जाणारा पोर्ट ‘ट्रंक’, कारण तेथून अनेक व्ही-लॅनची वाहतूक होते. या भिंतींमधून कोणाला जाऊ द्यायचे, हे नियम राउटर किंवा फायरवॉलवर लिहायचे.

१५/ एवढा खटाटोप कशासाठी? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. तेथे ज्याची नक्कल केली गेली तो ‘स्विच’ म्हणजे एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी प्रणाली होती, भिंतीवरची पेटी नव्हे. परंतु पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेला त्या घटनेने एक प्रश्न विचारला: आपल्या आत कोण कोणाशी बोलू शकतो, हे आपण ठरवले आहे काय? सभासदाच्या मोबाइलमधील विषाणूला खातेवहीच्या संगणकाचे दार दिसताच कामा नये.

१६/ पाचवे: वर्तुळ रोखणे. एकाच केबलची दोन्ही टोके चुकून स्विचलाच लागली, तर सर्वांसाठीचा संदेश त्या वर्तुळात फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत नेटवर्क गुदमरते. १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी उपाय शोधला: जास्तीच्या वाटा तात्पुरत्या बंद ठेवून जाळ्याचे झाड करायचे. हाच स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. आपल्या शोधनिबंधात त्यांनी यावर एक कविताही लिहिली.

१७/ हा उपायही डोळे मिटून वापरता येत नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इझरायल डिकनेस रुग्णालयाचे नेटवर्क स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेपलीकडे वाढले होते. ताण येताच ते कोसळले. सुमारे चार दिवस डॉक्टर आणि परिचारिका कागद-पेनावर आले; तपासण्यांचे निष्कर्ष हातोहात न्यावे लागले. ते नेटवर्क टप्प्याटप्प्याने वाढत गेले होते. संपूर्ण जाळ्याचा विचार मागे पडला होता.

१८/ म्हणून आपल्या स्विचवर रॅपिड स्पॅनिंग ट्री सुरू ठेवावा. संगणकांचे पोर्ट ‘एज’ म्हणून नोंदवावेत आणि त्यांवर बीपीडीयू गार्ड लावावा. मग कोणी परस्पर दुसरा स्विच आणून जोडला आणि त्याने स्पॅनिंग ट्रीचे संदेश पाठवले, की तो पोर्ट आपोआप बंद होतो. वापरात नसलेले पोर्टही बंदच ठेवावेत. उघडा पोर्ट म्हणजे रात्री उघडी राहिलेली दिंडी.

१९/ सहावे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांना विशेष जवळचे: तारीख. स्विच आपल्या घडामोडींची नोंद ठेवतो: कोण जोडले गेले, कोणता पोर्ट पडला, कोणी आत आले. पण वीज गेल्यावर कित्येक उपकरणांचे घड्याळ १ जानेवारी १९७० वर परतते. तारखेविना पत्राची जी किंमत, तीच अशा नोंदीची. डेव्हिड मिल्स यांनी घडवलेला एनटीपी हा प्रोटोकॉल १९८५ पासून नेटवर्कवरील घड्याळे जुळवीत आला आहे. तो सुरू करून भारतीय प्रमाणवेळ निवडावी.

२०/ हा केवळ शिस्तीचा भाग नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवण्यास आणि नोंदी १८० दिवस जतन करण्यास सांगितले आहे. स्विचची स्वतःची स्मृती तोकडी असते आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. त्यामुळे त्या कार्यालयातील एखाद्या संगणकावर पाठवण्याची सोय करावी. दप्तर जतन झाले नाही, तर घटना घडूनही न घडल्यासारखी होते.

२१/ सातवे: जतन. अनेक स्विचमध्ये ‘चालू’ मांडणी वेगळी आणि ‘जतन केलेली’ मांडणी वेगळी. दिवसभर खपून केलेले बदल जतन केले नाहीत, तर पावसाळ्यातील एका वीजखंडनानंतर सारे मूळपदावर येते. जतन करावे, त्याची प्रत स्विचबाहेर ठेवावी, आणि एकदा मुद्दाम वीज बंद करून सुरू करून पाहावी. मगच काम संपले म्हणावे.

२२/ शेवटचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी, पोर्टचा तक्ता, व्ही-लॅनची यादी, आणि कोणता बदल कोणी, कधी, कशासाठी केला याची वही. पासवर्ड मात्र वहीत नको. तो बंद पाकिटात जबाबदार पदाधिकाऱ्याकडे असावा. स्विच बसवणारा तंत्रज्ञ पाच वर्षांनी तेथे नसेल. त्याच्या डोक्यातील माहिती त्याच्यासोबत गेली, तर संस्था आपल्याच भिंतीवरच्या पेटीपुढे अनोळखी ठरेल.

२३/ सोपाऱ्याच्या त्या लेखाचा तुकडाच हाती आला. तरीही तो वाचता आला, कारण तोच मजकूर इतरत्रही कोरलेला होता. प्रत असली की वाचवता येते. पुढच्या वेळी एखाद्या पतसंस्थेत, दवाखान्यात किंवा ग्रंथालयात ती लुकलुकणारी पेटी दिसली, तर तेथील जबाबदार व्यक्तीला एवढेच विचारा: या जोडणीचा नकाशा कोणाकडे आहे? उत्तर ‘कोणाकडेच नाही’ असे आले, तर तो काढायला मदत करा. गावातील लोकांची आयुष्यभराची बचत त्या केबलींच्या पलीकडे असते.

#इतिहास #तंत्रज्ञानाचाइतिहास #वसई